भास्कररावांचा वेढा

रोज सकाळी पेपर हातात आला की भास्करराव आधी त्याची घडी चाचपत. दोन्ही अंगठे घडीवरून टोकापर्यंत सरकवत, कडा दाबून पाहत, आणि मगच पेपर मुलीच्या, दुर्गाच्या हातात देत. आधी कुणी उघडला असेल तर त्यांच्या बोटांना ते कळे. काचबिंदूने डोळे गेल्यापासून ही सवय जास्तच घट्ट झाली होती. बातमी ऐकण्याआधी ती कुणाच्या हातातून आली ते पाहावं, हे त्यांचं आयुष्यभराचं सांगणं. वाचणारा आवाज मात्र त्यांनी कधी तपासला नाही. तो घरचा होता.

भास्कररावांचे आजोबा संस्थानच्या दफ्तरात होते, वडील शाळाखात्यात, आणि ते स्वतः बडोद्याच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवीत. गावातल्या वाडी भागात, एका गल्लीत घर. शिकवणं बेताचंच, मुलं मागच्या बाकांवर पेंगत. पण पासष्टच्या लढाईत नागरी संरक्षणाच्या कुणा अधिकाऱ्याने त्यांना गावातल्या अफवा गोळा करायला सांगितलं आणि या माणसाला आयुष्याचं काम सापडलं. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेल्या त्या दिवसांत बाजव्याच्या रिफायनरीवर बॉम्ब पडणार अशी आवई रोज उठे. भास्करराव सायकल घेऊन निघत. ती आवई कोणत्या पोळात, कोणत्या गल्लीबोळात जन्मली, कोणत्या पाणवठ्यावर तिला पाय फुटले, कुणी सांगितल्यावर लोकांनी हसण्यावारी नेली आणि कुणी सांगितल्यावर घरं बंद केली, हे विचारत फिरत. एकदा त्यांनी स्वतःच एक पुडी सोडली, की मीठ मिळेनासं होणार आहे. सकाळी वाडीत सोडलेली पुडी दुपारी मांडवीत पोचली आणि संध्याकाळी त्यांच्याच बायकोने, कमळाबाईंनी, त्यांना ती घाबऱ्या आवाजात सांगितली. भास्करराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. कमळाबाईंनी मिठाची बरणी मात्र भरून ठेवली.

पुढे एकाहत्तरमध्ये त्यांनी शत्रूचा रेडिओ ऐकून त्यावर निबंध लिहिले. लढाई संपली तरी ते थांबले नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की फौजेला या विद्येची गरज दहा वर्षांतून एकदा पडते; गिरणीला, शाळेला, संसाराला रोज पडते. त्या निबंधांची मुद्रणप्रत दुर्गा करी. ते सांगत आणि ती लिहून घेई. 'खोटं बोलू नये, खोटं पकडलं जातं. खरंच सांगावं, पण निवडून. निवड पकडता येत नाही.' ही वाक्यं तिने इतक्यांदा लिहिली होती, की भाजी चिरताना ती तिच्या ओठांवर येत, एखाद्या स्तोत्रासारखी.

दुर्गा बाजव्याकडच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. पंचविशीची होती तेव्हा तिला बसमध्ये माधव भेटायचा. त्या बाजूच्या एका कारखान्यात तो नोकरीला होता. त्याचे पूर्वज गायकवाडांच्या पागेत होते. वडील प्रतापसिंहराव अजून मिशांना पीळ देत आणि घोडा नसताना घोड्याच्या गोष्टी सांगत. माधव स्वतः अबोल. तो तिच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायचा आणि ती आली की उठून उभा राहायचा. वर्षभराने एकदा तो म्हणाला, "तुमच्या घरी येऊ का? वडलांना भेटायला?" दुर्गा एवढंच म्हणाली, "रविवारी या. त्यांना शिरा आवडतो, त्यामुळे तुम्हालाही मिळेल."

भास्कररावांनी माधवला प्रेमाने बसवून घेतलं. दुसऱ्यांदा शिरा वाढायला लावला. "मुलगा सरळ आहे," असंही म्हणाले. घरात कुणी आवाज चढवला नाही, कुणी कुळाचा विषय काढला नाही. दुर्गाला वाटलं, आपले बाबा वेगळे आहेत.

पंधरा-वीस दिवसांनी ब्लाउज शिवणारी चंचळबेन माप घ्यायला घरी आली. टेप दुर्गाच्या खांद्यावर टाकता टाकता ती हळहळून म्हणाली, "ए भाईनुं तो कोल्हापुरमां नक्की थई गयुं, बेन. तमने कोईए कह्युं नहीं?" कोल्हापूरला त्याचं ठरलं, तुम्हाला कुणी सांगितलं नाही?

दुर्गाने विश्वास ठेवला. कारण असं होतं: भास्कररावांच्या घरात मराठीखेरीज शब्द चालत नसे. त्यांना गुजराती येतच नाही असं सगळे धरून चालत. दूधवाल्याशीसुद्धा ते मोडक्या हिंदीत बोलत. गुजराती ही कमळाबाईंची, बाजाराची, दाराबाहेरची भाषा. त्यामुळे गुजरातीत आलेली गोष्ट बाबांकडून आली असेल हे तिच्या मनाला शिवलंदेखील नाही. आणि गोष्ट अगदीच खोटी नव्हती. कोल्हापूरची एक मुलगी माधवच्या घरच्यांनी खरंच पाहिली होती, पण ती दोन वर्षांपूर्वी. तिकडे प्रतापसिंहरावांच्या घरी कुणीतरी काळजीने सांगितलं की दुर्गाला छातीचं दुखणं आहे, डॉक्टर झाले, औषधं झाली. तेही खरंच होतं. पण ते दुखणं झालं तेव्हा दुर्गा आठ वर्षांची होती.

कुणीही एकमेकांना विचारलं नाही. अशा घरांत असं विचारत नसतात. मुलीने विचारणं हलकेपणाचं, मुलाने विचारणं निर्दयपणाचं. दुर्गा आधीची बस धरू लागली आणि माधव नंतरची. वर्षाच्या आत त्याचं लग्न झालं, ते कोल्हापूरच्याच मुलीशी. चंचळबेनचं म्हणणं खरं ठरलं. दुर्गाच्या मनात उरलीसुरली जी शंका होती तीही त्या लग्नाने पुसून गेली.

मग वर्षं गेली, जशी जातात. स्थळं आली, दुर्गाने नाही म्हटलं, मग यायची थांबली. कमळाबाई वारल्या. भास्कररावांची दृष्टी आधी कडांनी आणि मग मधोमध गेली. दुर्गा शाळा, स्वयंपाक, औषधं आणि पेपर सांभाळत राहिली. भास्कररावांना आता एकच आनंद उरला होता, शनिवारची बैठक. मल्हारराव, गोविंदराव आणि दिनकरराव, तिघेही निवृत्त, संध्याकाळी यायचे. चिवडा, चहा आणि भास्कररावांचं बोलणं. आंधळ्या माणसाचं जग कानांत असतं, आणि भास्कररावांचं जग या तीन आवाजांत होतं. शुक्रवारपासूनच ते विचारू लागत, "चिवडा आहे ना गं? दिनकररावाला शेंगदाणे जास्त लागतात."

"शेंगदाणे त्याला, आणि भाषण आम्हाला," मल्हारराव म्हणायचे. "भास्कर, तुझं मराठी ऐकायला आम्ही येतो, नाहीतर आता आपल्या घरीसुद्धा 'केम छो' झालंय."

"माझ्या घरात नाही," भास्करराव म्हणत, आणि सगळे हसत.

कारगिलनंतर सगळ्यांच्या तोंडी माहितीयुद्ध हा शब्द आला, आणि भास्कररावांच्या जुन्या विद्येला नवे दिवस आले. कारखान्यांच्या व्यवस्थापकांच्या एका मंडळाने त्यांना अलकापुरीतल्या एका हॉटेलात व्याख्यानाला बोलावलं. विषय होता, लष्कराबाहेर या शास्त्राचा उपयोग. दुर्गा त्यांचा हात धरून घेऊन गेली आणि पहिल्या रांगेत बसली. समोर पंख्यासारखे पसरलेले नॅपकिन, पाण्याचे ग्लास, टाय घातलेली तरुण माणसं.

भास्करराव छान बोलले. इंग्रजीत बोलले, मधूनच हिंदीत. संप कसा न मोडता विरघळवावा, दुसऱ्याचा साबण वाईट न म्हणता लोकांच्या हातून कसा सोडवावा. मग ते म्हणाले, "एक घरगुती उदाहरण देतो. एका घरातली मुलगी नको तिथे लग्न करायला निघाली होती. बापाने विरोध केला असता तर ती पळून गेली असती. त्याने काय केलं? त्याने पाहिलं की या घरात बापाचा आवाज कोणता आहे. आणि त्या आवाजात तो बोललाच नाही."

त्यांनी घसा साफ केला आणि अस्सल बडोदी गुजरातीत, हळहळीच्या नेमक्या सुरासकट, म्हणाले, "ए भाईनुं तो कोल्हापुरमां नक्की थई गयुं, बेन. तमने कोईए कह्युं नहीं?"

सभागृह खळखळून हसलं. कुणीतरी टाळी दिली. दुर्गाच्या खांद्यावर टेपचा थंड पत्रा टेकला होता, तसाच आत्ता टेकल्यासारखा तिला वाटला. तिने पाण्याचा ग्लास उचलला, आणि न पिता खाली ठेवला.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "चंचळबेनला ते वाक्य तुम्ही शिकवलंत."

"ओळखलंस!" भास्कररावांचा चेहरा उजळला. "मला वाटलंच होतं तू ओळखशील. तूच तर माझं सगळं लिहून घेतलंस. तिला तीनदा म्हणायला लावलं. पहिल्यांदा बाई फार रडक्या सुरात म्हणाली. म्हटलं, रडू नका, काळजी करा."

"मला का सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर प्रयोग कसला? आणि तुझं भलंच झालं. त्या घरात घोड्यांच्या गोष्टी ऐकत बसली असतीस." रिक्षा खड्ड्यातून गेली. त्यांनी दुर्गाचा हात घट्ट धरला आणि मग उत्सुकतेने, एखाद्या विद्यार्थ्याला विचारावं तसं विचारलं, "एक सांग. तुझा विश्वास नेमका कधी बसला? ती बोलली तेव्हाच, की रात्री? माझ्याकडे ती बाजू कोरीच राहिली."

दुर्गाने आपला हात त्यांच्या हातात तसाच राहू दिला.

"रात्री," ती म्हणाली.

"वाटलंच," भास्करराव समाधानाने म्हणाले.

दुर्गा रडली नाही, भांडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने वडिलांच्या डोक्याला तेल लावलं. आमटीत त्यांना हवा तसा गूळ घातला. पूर्वीपेक्षा तिचं लक्ष जास्तच राहू लागलं. हेही तिने लिहून घेतलेलंच होतं: 'वेढ्यातल्या माणसाला ज्याच्या हातून पाणी मिळतं, त्याचा शब्द तो तपासत नाही.'

आणि ती एकही खोटं बोलली नाही.

गोविंदरावांचा फोन आला तेव्हा गप्पांच्या ओघात तिने सांगितलं, "बाबा परवा हसत होते काका, म्हणाले गोविंदराव तीच गोष्ट चौथ्यांदा सांगतो." भास्करराव हे खरंच म्हणाले होते, आणि मायेने म्हणाले होते. माया तेवढी फोनवर पोचली नाही. दिनकररावांना तिने जिन्यात हळूच म्हटलं, "शनिवारी रात्री त्यांना झोप लागत नाही. फार बोलतात, मग दमतात." हेही खरं होतं. मल्हाररावांना म्हणाली, "आजकाल त्यांना कुणी मध्ये बोललेलं चालत नाही." हे तर चाळीस वर्षांपासूनचं खरं होतं.

गोविंदराव यायचे थांबले. दिनकरराव महिन्यातून एकदा, मग तेही नाही. मल्हारराव दाराशी येऊन, "झोपलाय का?" असं विचारून परत जाऊ लागले, कारण दुपारच्या वेळी भास्करराव खरंच झोपलेले असत आणि मल्हाररावांना दुपारीच या, असं दुर्गानेच सुचवलं होतं. संध्याकाळी जिन्याला दिवा नव्हता आणि त्यांचे गुडघे दुखत. हेही खरंच.

"कुणी आलं नाही?" शनिवारी भास्करराव विचारत.

"नाही, बाबा."

"गोविंदराव?"

"मगाशी श्रीपतरावांकडे जाताना दिसले."

श्रीपतराव पलीकडच्या गल्लीतले, भास्कररावांच्याच कॉलेजातले, आणि त्यांचे जुने प्रतिस्पर्धी. गोविंदराव त्यांच्याकडे पत्ते खेळायला जात, बैठक चालू होती तेव्हाही जात. तेव्हा ते कुणी भास्कररावांना सांगितलं नव्हतं, इतकंच.

पेपरातही ती काही बदलत नसे. तो ती निवडून वाचे. श्रद्धांजल्या वाचे. निवृत्त प्राध्यापकांच्या सत्काराच्या बातम्या वाचे, ज्यांत त्यांचं नाव नसे. त्यांच्या व्याख्यानाबद्दल गुजराती पेपरात चांगला अर्धा स्तंभ आला होता; तो तिने वाचला नाही. घरात मराठीच चालत होती ना.

भास्करराव वाळू लागले. चिवड्याचा डबा शुक्रवारी काढायला सांगत आणि रविवारी बंद करायला. एकदा म्हणाले, "मी बोलायचो ते त्यांना कंटाळवाणं होत असेल का गं?"

दुर्गा भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला. एका शब्दाने हे मिटलं असतं, आणि तो शब्दही खरा होता. मग तिने पिठाचा हात परातीत पुन्हा फिरवला. "कधी कधी होत असेल," ती म्हणाली.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी मल्हारराव गुडघे धरत जिना चढून आले. दुर्गा स्वयंपाकघरात होती. बाहेरून आवाज आला, "भास्कर, ऐ भास्कर! जागा आहेस की अजून दमलेला?"

"मल्हारी?" भास्करराव धडपडत उठले. "आलास? वाट चुकलास काय?"

"मी चुकलो? शहाणाच आहेस! तूच म्हणालास ना, आम्ही आलो की त्रास होतो म्हणून? गोविंदा तर रुसून बसलाय. म्हणतो, भास्करला माझ्या गोष्टी शिळ्या वाटतात."

दुर्गा दारात येऊन उभी राहिली. आता सगळं कोसळणार हे तिला कळत होतं, आणि तिला कुठेतरी बरंही वाटलं.

"दुर्गे," भास्कररावांनी मान वळवली, "मी असं कधी म्हणालो? यांनी येऊ नये असं?"

"नाही, बाबा. असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत."

"मग हिनेच सांगितलं!" मल्हारराव म्हणाले. "बोल ना गं, तूच दिनकरला जिन्यात—"

"मी म्हणाले, बोलून दमतात. दमता की नाही, बाबा?"

"दमतो," भास्करराव सावकाश म्हणाले. त्यांचा चेहरा बदलला. कितीतरी महिन्यांनी त्यावर जुनं तेज आलं, पण ते मित्रासाठी नव्हतं. "वा, मल्हारी. बाहेरून यायचं, आणि माणसाला त्याच्या घरातल्या माणसाबद्दल शंका घालायची. हा माझा पहिला धडा. माझ्याकडून शिकलास आणि माझ्यावरच चालवतोस? कुणी पाठवलं तुला? श्रीपतरावाने?"

"अरे, वेड लागलंय का तुला? ही पोरगी तुला—"

"ही पोरगी मला रोज पेपर वाचून दाखवते. तू मला काय दिलंस गेल्या सहा महिन्यांत?"

मल्हारराव उभेच होते. त्यांनी दुर्गाकडे पाहिलं, आणि तिने नजर हलवली नाही. "पन्नास वर्षं तुझं ऐकून घेतलं," ते म्हणाले. "मर मग तुझ्याच धड्यांत." जिना उतरताना ते कठडा धरून दोनदा थांबल्याचं तिला ऐकू आलं. दिवा नव्हता. तिने दाखवायला नेला नाही.

"चांगला डाव होता," भास्करराव खुर्चीत बसत म्हणाले. "पण मी ओळखला. ओळखला ना गं?"

"हो," दुर्गा म्हणाली. आयुष्यात वडिलांशी ती बोललेलं हे एकच खोटं.

संक्रांतीला गच्च्या गच्च्यांवर लाऊडस्पीकर लागले आणि सकाळपासून पतंग कापला की उठणारा 'काय्पो छे'चा गलका सुरू झाला. दर वर्षी या दिवशी माणसं भास्कररावांना तिळगूळ द्यायला येत. त्यांनी कोट मागून घेतला, गुंड्या स्वतः लावल्या आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले. मांडीवर तिळगुळाचा डबा. दुपारी पलीकडच्या गच्चीवरून मोठ्याने हसण्याचा आवाज आला.

"गोविंदराव ना हा?"

"हो, बाबा. श्रीपतरावांच्या गच्चीवर आहेत. दिनकररावही आहेत."

"मल्हारी?"

"तेही."

त्यांनी मान हलवली. कुणी पायरी चढलं की डब्याचं झाकण काढत. पावलं वर गच्चीकडे निघून गेली की झाकण न लावताच बसून राहत. संध्याकाळी लोकांनी कंदील लावलेले पतंग सोडले. दुर्गाने ते खिडकीतून पाहिले आणि त्यांना सांगितलं नाही.

त्या रात्री झोपेतच भास्करराव गेले. सकाळी मल्हारराव, गोविंदराव, दिनकरराव, श्रीपतराव, सगळे एकदम आले, आणि खोलीत बसायला जागा उरली नाही. प्रत्येक जण मान खाली घालून बसला होता. आपण एकदा तरी येऊन जायला हवं होतं, असं ज्याला त्याला वाटत होतं, आणि अशा वेळी विचारायचं नसतं म्हणून कुणी कुणाला काही विचारलं नाही. फक्त मल्हाररावांनी दुर्गाकडे एकदा पाहिलं. तिने त्यांना पाणी आणून दिलं. ते त्यांनी घेतलं नाही.

आदल्या रात्री गलका थांबल्यावर भास्करराव खुर्चीतून उठले होते. कोट काढायला दुर्गाने हात लावला तेव्हा त्यांनी एक एक बाही सोडवून दिली. मग डबा तिच्या हातात देत म्हणाले, "झाकण नीट लाव हं. मुंग्या होतील."